रॅगी नावाच्या मुलीचा जन्मदाखला

मी एक जुनी टोपली आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी विकायची नाही. मित्रांनो, महामार्गाच्या कडेला मांडलेल्या टोपल्या पाहून तुम्ही माझ्याकडे वळला असाल, तर तुमची गल्लत झाली. त्या नाजूक, सुवासिक गवताच्या, कुणाच्या तरी दिवाणखान्यात फळं धरून बसणाऱ्या. मी कामाची टोपली आहे. पसरट, जाडजूड, काठाला ठिकठिकाणी ठिगळं लावलेली.

या बेटावरच्या आयझॅक चिझमने मला घडवलं. खाडीतले लव्हाळे कापून त्याने वाळवले, त्यांच्या जुड्या वळल्या आणि मोडक्या चमच्याचा दांडा घासून केलेल्या टोच्याने एकेक वेढा शिवत नेला. तो मोठा चिडका माणूस होता. टाका सैल पडला की स्वतःलाच शिव्या द्यायचा. म्हणून तर मी अजून टिकून आहे. माझ्यात भात पाखडायचे, भेंडी आणायचे, कोळंबी सोलायला घ्यायचे. आणि बायका शेतावर जाताना माझ्यात गोधडी घालून तान्ही बाळं ठेवायच्या. मी ओकच्या झाडाच्या सावलीत पडून असायचे आणि बाळ माझ्यात पाय झाडत असायचं. ते माझे सुखाचे दिवस.

आमच्या बेटावर प्रत्येकाला दोन नावं असतात. एक शाळेचं आणि चर्चचं. दुसरं टोपलीतलं, म्हणजे बाळ टोपलीत असतानाच घरच्यांनी दिलेलं. हाक मारायला तेच. बाहेरच्या माणसाला ते सांगायचं नसतं. कितीतरी माणसांची शाळेतली नावं मला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीच कळली.

आयझॅकची सून डॉर्कस. तिची पहिली मुलगी आर्डेल धडधाकट निघाली, पण त्यानंतरच्या दोघी माझ्यातच गेल्या. दोघींची नावं फार सुंदर होती. मी ती इथे सांगणार नाही, डॉर्कसला आवडलं नसतं. मग बऱ्याच वर्षांनी आणखी एक मुलगी झाली, तेव्हा डॉर्कसने बाळाला फाटक्या कापडात गुंडाळलं आणि सगळ्यांना बजावलं, "हिचं नाव रॅगी." रॅगी म्हणजे चिंधी. चिंधी कोण उचलून नेणार? खरं नाव तिने मनात ठेवलं. मुलगी चालायला लागली, तेव्हा कुठे ती भीत भीत म्हणाली, "इव्हलिना." तुमच्याकडेही एखाद्या आजोबांचं नाव दगडू किंवा धोंडू असेल. तेव्हा तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

इव्हलिना मोठी झाली, टोमॅटोच्या शेतांवर राबली, लग्न केलं, नवरा गेला. तिची मुलंही माझ्यातच वाढली. मधल्या काळात माझं कौतुकही झालं. शहरातून एक गृहस्थ आले, माझ्याभोवती तीनदा फिरले आणि म्हणाले, "हिची जागा संग्रहालयात आहे." इव्हलिना म्हणाली, "तुमचीही असेल, पण मी काही तुम्हाला न्यायला आले नाही." पुढे प्लॅस्टिकची टोपली आली आणि मी ओसरीखाली गेले. माझ्यात कपड्यांचे चिमटे पडले. एक कोंबडी अंडी घालून गेली. कोंबडीचं मला काही वाटलं नाही, चिमट्यांचं वाईट वाटलं.

एक वाईट गोष्ट मात्र माझ्यावरूनच घडली. रिवाजाप्रमाणे आईची टोपली थोरलीकडे जाते. डॉर्कसला पुरलं त्याच संध्याकाळी इव्हलिनाने मला उचलून आपल्या घरी नेलं. तिला दिवस गेले होते आणि तिला वाटत होतं, आर्डेलची पोरं तर मोठी झाली, तिला कशाला हवी? आर्डेलने त्यानंतर तिचं नाव टाकलं. दोघींची घरं एकाच रस्त्यावर. चर्चमध्ये एकाच बाकावर बसायच्या, एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मधे बसणाऱ्यांचे हाल व्हायचे.

आता खरं सांगायचं ते सांगते. इव्हलिनाच्या नातीला मुलगी झाली, तमिया. इतकी गोल, इतकी गुटगुटीत की टोपलीतलं नाव शोधावंच लागलं नाही. पंकिन, म्हणजे भोपळा. इव्हलिनाने मला ओसरीखालून काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि पंकिनला माझ्यात ठेवलं. मला पुन्हा बरे दिवस आले असं वाटलं. आणि तेवढ्यात महामार्गावरच्या अपघातात पंकिनची आई गेली.

कायद्याने बाळाला कुणी पालक उरला नव्हता, म्हणून सरकारी बाई आल्या आणि बाळाला घेऊन गेल्या. "तात्पुरतं आहे, मिस इव्हलिना," त्या म्हणाल्या. बाळाला शहरात एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवलं. पणजीला ताबा मिळेल, पण न्यायाधीशांना तिचं ओळखपत्र हवं. ओळखपत्रासाठी जन्मदाखला हवा. इव्हलिना कधी गाडी चालवायला शिकली नव्हती, कधी विमानात बसली नव्हती. बेटावर तिला कोण ओळखत नव्हतं? जन्मदाखला कशाशी खातात हेच तिला माहीत नव्हतं.

तिच्या नवऱ्याच्या भाच्याची बायको लॅव्हर्न अटलांटा शहरातून लग्न होऊन आलेली. मनाने चांगली आणि कागदपत्रांत हुशार. तिने इव्हलिना चिझम या नावाने अर्ज केला. तो फेटाळला गेला. या नावाच्या जन्माची नोंद नाही. शाळेचे आणि चर्चचे पुरावे जोडावेत तर ते जुन्या वादळात पाण्याखाली गेले होते. दुसरा अर्जही परत आला. लॅव्हर्न डोकं धरून बसली.

"मामीबाई, सरकारच्या हिशेबी तुम्ही जन्मलाच नाहीत."

"मग इतकी वर्षं गुडघे कुणाचे दुखतायत?" इव्हलिना म्हणाली.

ती हसली खरी, पण लॅव्हर्न गेल्यावर माझ्यातली रिकामी गोधडी काढून छातीशी धरून रडली. तिथे पंकिन दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर वाढत होती. तान्ह्या बाळाला कुठे माहीत, तात्पुरतं म्हणजे किती?

तुम्ही म्हणाल, तिने टोपलीतलं नाव का नाही सांगितलं? अहो, ते कागदावर असू शकतं हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. आणि लॅव्हर्न बाहेरची. तिने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही.

कार्यालयाने एकच वाट उघडी ठेवली होती. अर्जदाराचा जन्म आठवणाऱ्या, तिच्याहून वयाने मोठ्या व्यक्तीने तसं शपथेवर सांगायला हवं. अशी व्यक्ती जगात एकच उरली होती. इव्हलिनाने मला डोक्यावर घेतलं आणि रस्त्याने चालू लागली.

आर्डेल ओसरीत शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"काय गं, रस्ता चुकलीस?"

"टोपली आणलीय."

"मी मेल्यावर आणायचीस की. शवपेटीवर ठेवायला."

"ठेवून घे ताई. पण माझं एक काम आहे."

"ते दिसतंयच. काम नसतं तर टोपली आली असती होय?"

इव्हलिनाने मला तिच्या पायाशी ठेवलं आणि पायरीवर बसली. मग सगळं सांगितलं. पंकिन, न्यायाधीश, फेटाळलेले अर्ज. आर्डेलचे हात शेंगांवर थांबले.

"कुठल्या नावानं शोधतायत तुला?"

"माझ्याच. इव्हलिना."

"वेडी की काय तू!" आर्डेल ओरडलीच. "इव्हलिनाचा जन्म झालाच नव्हता, बाई! हॅगर दाई नोंद करायला होडीनं पलीकडे जायची. निघायच्या आधी दारात येऊन तिनं मला विचारलं, पोरीचं नाव काय लिहायचं? आईनं शपथ घातली होती, कुणी विचारलं तरी रॅगीच म्हणायचं. मी तेच सांगितलं. आईला वाटलं, कागदावरही चिंधीच असू दे, तिथूनही कुणी नेऊ नये."

इव्हलिना माझ्या काठावरून बोटं फिरवत राहिली.

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"तू बोलत होतीस?"

 मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, आयझॅकने मला शिवलंच नसतं तर बरं झालं असतं.

लॅव्हर्नने दोघींना गाडीत घालून कार्यालयात नेलं. आर्डेलने मला मांडीवर घेतलं होतं. "आता हिला डोळ्याआड करायची नाही," म्हणाली. खिडकीपलीकडच्या बाईने रॅगी चिझम हे नाव यंत्रात घातलं आणि नोंद चटकन सापडली. आईचं नाव डॉर्कस. इव्हलिनाचा जन्म इतकी वर्षं तिथे निमूट पडून होता. लॅव्हर्न टाळी वाजवणार, तोच बाई म्हणाल्या, "पण ही रॅगी म्हणजे ह्याच, हे कशावरून? आणि राग मानू नका, पण कुठले आईबाप मुलीचं नाव असं ठेवतात?"

इव्हलिनाची मान खाली गेली. परक्या खोलीत, परक्या माणसांदेखत ते नाव मोठ्याने उच्चारलं गेलं होतं. तिला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ऐंशीच्या घरात आलेली बाई, पण आईने लपवलेलं कुणीतरी शोधून काढलं म्हणून ती लहान मुलीसारखी आर्डेलच्या खांद्यामागे सरकली. मला ते दिसत होतं.

आर्डेल उठली. मला तिने त्या बाईंसमोर टेबलावर ठेवलं.

"माझ्या दोन बहिणी ह्या टोपलीत गेल्या. त्यांची नावं छान होती. तुमच्या त्या पाटीवरच्या नावासारखी. मग ही झाली. जिला काहीही करून ठेवायचंय, तिलाच असं नाव देतात, बाई. लिहा. मी शपथ घेते. हिला पहिल्यांदा ह्यात मी ठेवलं, आणि आज समोर उभी आहे ती हीच."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. आर्डेल सही करत असताना इव्हलिनाने कागद धरून ठेवला. आम्ही निघताना त्या बाईंनी इव्हलिनाला हळूच विचारलं, "दुरुस्ती झाल्यावर जुनं नाव काढून टाकू?" इव्हलिना म्हणाली, "राहू द्या. त्यानंच जगवलं."

दाखला टपालाने आला. मग ओळखपत्र झालं, मग न्यायाधीशांची तारीख लागली, ती पुढे ढकलली गेली, पुन्हा लागली. खाडीवरचं गवत हिरव्याचं पिवळं झालं आणि पुन्हा हिरवं झालं, असं दोनदा झालं. शेवटी निकाल इव्हलिनाच्या बाजूने लागला.

पंकिन येणार त्या सकाळी आर्डेल मला घेऊन बहिणीच्या घरी आली. "पोरीला निजवायला लागेल," म्हणाली. दोघींनी माझ्यात गोधडी घातली. टोमॅटो घातलेला लाल भात शिजवला. गाडी थांबली आणि सरकारी बाईंचं बोट धरून एक मुलगी स्वतःच्या पायांनी चालत आत आली. लांब हातपायांची, सडपातळ. आम्ही तिघी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्यात आता ती मावलीच नसती.

इव्हलिना जमिनीवर बसली आणि हात पसरून म्हणाली, "पंकिन!"

मुलीने पाहिलं नाही.

"ये गं, माझ्या भोपळ्या! पंकिन!"

मुलगी सरकारी बाईंच्या कोटामागे लपली आणि कुणा दुसऱ्याच बाईसाठी रडू लागली. मग लॅव्हर्नने घाबरून "तमिया" अशी हाक मारली आणि मुलीने लगेच वळून पाहिलं. इव्हलिनाने पसरलेले हात मागे घेतले. ती एवढंच म्हणाली, "बरं. तमिया तर तमिया. भूक लागलीय का, तमिया?"

मित्रांनो, तुमच्या घरात अजून कुणी आर्डेल असेल, तर आजच तिच्या शेजारी जाऊन बसा. तुमचं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, ते विचारून घ्या. भांडण असेल तर ते टोपली परत करून मिटवा, आम्हा टोपल्यांना कुणाकडेही राहायला चालतं. उशीर करू नका, कारण कागद एक दिवस दुरुस्त होतो, पण तोवर बाळ वाढतं.

तमिया आता इथेच असते. माझ्यात तिची खेळणी असतात. ती अंगणात खेळत असताना इव्हलिना ओसरीतून अधूनमधून पंकिन म्हणून हाक मारते. मुलगी अजून वळून पाहत नाही. इव्हलिना थोडा वेळ थांबते, आणि पुन्हा हाक मारते.