उसन्या मिशांचा भुंगेरा

मित्रांनो, मी एक जुना भुंगेरा आहे. जिवंत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी दचकायला नको. एका मोठ्या संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर लाकडी कपाटे आहेत. त्यातल्या एका खणात, काचेच्या झाकणाखाली, मी टाचणीवर उभा आहे. टाचणी माझ्या उजव्या पंखातून आरपार गेली आहे. दुखत नाही. सुरुवातीला जरा अवघडल्यासारखे वाटते, मग सवय होते. आजूबाजूला डांबरगोळ्यांचा वास असतो आणि खाली पांढऱ्या चिठ्ठ्या असतात. आम्ही कुठे सापडलो आणि कोणाला सापडलो, ते त्यांवर लिहिलेले असते.

आमच्या कुळाला लोक लांबशिंगे म्हणतात. शिंगे कसली डोंबलाची! त्या आमच्या मिशा. त्यांनीच आम्ही वास घेतो, वाट चाचपतो आणि आपला माणूस कोण, परका कोण तेही ओळखतो. आमच्यातल्या नरांच्या मिशा तर अंगापेक्षाही लांब असतात. त्यामुळे आम्ही थोडे ऐटबाज असतो, हे मी नाकारत नाही.

माझे बालपण एका ओंडक्यात गेले. आईने सालीच्या फटीत अंडे घातले आणि ती उडून गेली. पुढची काही वर्षे मी अळी होतो आणि लाकूड खात होतो. दुसरा उद्योगच नव्हता. तो ओंडका कापून, चिरून एका सुताराच्या कारखान्यात गेला, त्याचा मला पत्ताही लागला नाही. मी आपला आत खातच होतो. शेवटी अंगावर पंख आले, मिशा आल्या आणि एका सकाळी मी फळीला गोल भोक पाडून बाहेर डोकावलो. समोर सुतार रंधा मारत होता. रंधा तसाच ठेवून तो माझ्याकडे बघत बसला.

"अरेच्चा! तुम्ही कुठून उगवलात?" तो म्हणाला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, काडेपेटी दे इकडे रिकामी करून. संग्रहालयातल्या सरांना असले पाहुणे फार आवडतात."

माणूस प्रेमळ होता, पण काडेपेटी आखूड होती. तिचा खण आत सरकवताना माझ्या दोन्ही मिशा मध्येच मोडल्या. तुटलेले तुकडे तिथेच लाकडाच्या भुशात पडले आणि झाडूबरोबर गेले. आमचे पंखांचे दिवस मुळातच थोडे असतात. काडेपेटीतून संग्रहालयापर्यंतच्या वाटेतच ते संपले.

संग्रहालयात दोघे भाऊबहीण काम करत. भाऊ म्हणजे सर. लांबशिंग्यांच्या जाती ओळखून त्यांची नीट मांडणी करण्यात त्यांचे केस पिकले होते. मोठी बहीण म्हणजे ताई. आम्हाला ओलसर हवेत मऊ करायचे, टाचणी टोचायची, पाय नि मिशा डौलदार पसरवून वाळवायच्या, हे ताईंचे काम. माझी काडेपेटीही थेट त्यांच्याच हाती पडली. त्यांच्या हाताला थरथर म्हणून नव्हती आणि जिभेला विसावा नव्हता. काम करताना त्या आमच्याशी बोलत. "पाय सरळ ठेव बघू. असा फतकल मारून काय बसतोस?" असे त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या.

तेव्हा ताई खालच्या दालनासाठी एक पेटी सजवत होत्या. शाळेची मुले येतात, त्यांना बघायला. अशा पेटीत सगळे देखणे लागतात. मोडक्या मिशांचा मी काही देखणा दिसेना. ताईंच्या टेबलावर एक डबी असे. कोणाचा गळालेला पाय, कोणाची तुटकी मिशी, असे सगळे त्या डबीत जपून ठेवत. त्यातून माझ्या जाडीची दोन टोके त्यांनी चिमट्याने उचलली आणि डिंकाच्या थेंबाने माझ्या मिशांना जोडून दिली. माझ्या मूळ मिशा अखंड काळ्या. ही टोके मात्र पांढऱ्या पट्ट्यांची होती. जोड इतका सफाईदार की मलाही तो शोधावा लागला. "आता कसा राजबिंडा दिसतोस!" ताई म्हणाल्या आणि मी फुललो. कोणत्या बिचाऱ्याच्या मिशा मी मिरवतो आहे, असे क्षणभर मनात आले, पण स्तुती कोणाला नको असते?

त्याच सुमारास ताई लेकीच्या बाळंतपणासाठी दूर गेल्या आणि सर सहज म्हणून मुलांच्या पेटीजवळ आले. माझ्याकडे बघून ते थबकले. भिंग आणले. पुन्हा बघितले. मित्रांनो, जाती ओळखण्याची रीत मोठी गमतीची असते. आमच्या अंगाला एकेक प्रश्न विचारत जायचे. खांद्यावर काटा आहे का? असेल तर या वाटेने जा, नसेल तर त्या. मिशांच्या पेरांवर पट्टे आहेत का? असे करत करत शेवटी नाव सापडते. माझ्या बाबतीत सर सगळ्या प्रश्नांतून गेले आणि शेवटच्या प्रश्नाशी अडले. अंग सगळे एका जुन्या, ओळखीच्या जातीचे, पण पट्टेदार मिशा त्या जातीत कोणी पाहिल्याच नव्हत्या. म्हणजे ही नवी जात! सरांना आनंद आवरेना. त्यांनी माझे वर्णन छापले आणि नव्या जातीला ताईंचे नाव दिले. माझ्या टाचणीला लाल चिठ्ठी लागली. लाल चिठ्ठी म्हणजे मोठा मान. या जातीचे नाव ज्याच्यावरून ठरले तो हाच, असा तिचा अर्थ.

ताई परत आल्या तेव्हा सरांनी त्यांना माझ्यासमोर उभे केले. "ताई, आजपासून जगात तुझ्या नावाचा भुंगेरा आहे."

"माझ्या नावाचा?" ताईंनी पदराने डोळे टिपले. "आयुष्यभर नुसतं टोचत बसले रे मी यांना. माझं नाव कशाला द्यायचं?"

"तू टोचलंस म्हणून तर मला बघता आलं," सर म्हणाले. कशावरून नवी जात ठरवली, हे त्यांनी सांगितले नाही आणि ताईंनीही विचारले नाही. त्या दोघांची वाटणीच तशी होती. एकाने टोचायचे, दुसऱ्याने ओळखायचे, आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसायचे नाही.

मला निराळ्या खणात एकट्याला ठेवले. मान मोठा, पण शेजारीपाजारी कोणी नाही. काचेतून शेजारच्या खणात माझे खरे भाऊबंद दिसत. तोच रंग, तोच खांद्यावरचा काटा, साध्या काळ्या मिशा. सुताराच्या फळ्यांतून ते अधूनमधून निघत आणि सुतार बिचारा आठवणीने घेऊन येई, तेही आता मोठ्या डब्यातून. सर भिंग लावत आणि म्हणत, "हा नव्हे हो, हा साधा." माझ्या नात्यातला प्रत्येक जण असा माझ्यासमोरून पलीकडच्या खणात जाई. मित्रांनो, टाचणीवरचा भुंगेरा बोलणार कसा? मला रडू येत असते, तर मी रडलो असतो.

सरांचे वेगळेच दुखणे सुरू झाले. बाहेरचे जाणकार विचारू लागले, "एकाच नमुन्यावर जात? दुसरा दाखवा." दुसरा असणार कुठून? पण सरांना ते माहीत नव्हते. ताईंच्या नावाला कोणी संशयाने बघावे, हे त्यांना सहन होईना. ते दर मोसमात जंगलात जाऊ लागले. पडलेले ओंडके उलटायचे, साली सोलायच्या. एकदा लाकडांच्या राशीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. गुडघे आधीच कुरकुरत होते, ते आता संपावर गेले. तरी पुढच्या मोसमासाठी त्यांनी पिशवी भरायला घेतली. या वेळी लांबच्या डोंगरात, एकटेच.

ताईंनी ती पिशवी पाहिली आणि त्यांचा पारा चढला.

"कुठे निघालात?" रागावल्या की त्या धाकट्या भावाला अहोजाहो करत.

"जाऊन येतो जरा."

"जिना उतरताना कठडा सोडवत नाही आणि म्हणे जाऊन येतो! मी पण येते. माझ्या नावाचा आहे ना तो? मग मीच शोधते. मला सांगा तरी, काय बघायचं?"

सरांचा नाइलाज झाला. त्यांनी माझा खण ओढला, भिंग ताईंच्या हातात दिले आणि म्हणाले, "बाकी सगळं जुन्या जातीसारखंच असतं. फक्त ही मिशांची टोकं बघ. पांढरे पट्टे. हीच खूण."

ताईंनी भिंग डोळ्याला लावले. मग सरळ उभ्या राहिल्या.

"ही टोकं? अरे, ही तर मी डकवलीत."

"काय केलंस?"

"डकवलीत. मुलांच्या पेटीतला ना हा? मोडक्या मिशा घेऊन आला होता बिचारा. डबीतल्या लावल्या मी." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "तू हा त्या पेटीतून उचललास? मला विचारलं का नाहीस?"

"तू नव्हतीस ना." सर स्टुलावर बसले. मग सर हळूच म्हणाले, "मिशा काढल्या तर जात राहत नाही, ताई. तुझं नाव जाईल."

"जाऊ दे."

"तुला दुसरं काय दिलंय मी आजवर?"

"अरे वेड्या, मला भुंगेऱ्याचं नाव हवंय की धड गुडघ्यांचा भाऊ? ऊठ. कोमट पाणी आण. मी लावल्यात, मीच काढते."

त्यांनी बारीक कुंचल्याने जोडावर पाणी लावले. डिंक विरघळला आणि टोके अलगद सुटली. त्या क्षणी मी काय गमावले आणि काय मिळवले, ते मला लगेच कळले नाही. सर मात्र ताईंच्या हाताकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

सरांनी आपली चूक स्वतःच छापून जाहीर केली. ते सोपे नव्हते. काही लोक हसलेच. पण एक गोष्ट ताईंना ठाऊक नव्हती. ती सरांनी हसत हसत सांगितली. आमच्या शास्त्रात एकदा छापलेले नाव पुसत नाहीत. ते वापरातून जाते, पण खऱ्या, जुन्या जातीच्या नावाखाली कायम लिहिलेले राहते. हे नाव कोणी दिले आणि ते का टिकले नाही, हे कोणालाही शोधता येते.

"म्हणजे माझी डकवाडकवी जगभरचे लोक वाचणार?" ताईंनी कपाळावर हात मारला.

"आणि माझी घाईसुद्धा. एकाच ओळीत."

"मग ठीक आहे," ताई म्हणाल्या. "एकटीची असती तर लाज वाटली असती."

ती पट्टेदार टोके त्यांनी फेकली नाहीत. एका छोट्या कार्डावर चिकटवून माझ्याच टाचणीवर, माझ्या खाली लावली. लाल चिठ्ठीही राहिली, कारण चुकलेल्या नावाचासुद्धा नमुना जपावा लागतो. मग सरांनी मला उचलले आणि शेजारच्या खणात नेले. माझ्या दोन्ही बाजूंना माझे भाऊबंद होते. एकाचा पाय जवळजवळ मला लागत होता. इतक्या वर्षांत मला कोणी इतके जवळ ठेवले नव्हते.

मित्रांनो, तुम्हाला झाडावर माझा एखादा भाऊ दिसला, तर त्याला मिशांनी उचलू नका. आखूड डबीतही कोंबू नका. आणि एखादी मोडकी वस्तू हाती आली, तर ती छान दिसावी म्हणून भलतेच काही जोडण्याआधी, ती मुळात कशी होती ते विचारा. मोडके तसेच ठेवले तरी चालते, पण जपून ठेवा.

सर आता जंगलात जात नाहीत. खिडकीशी बसून भिंगातून बघतात. ताई डांबरगोळ्या बदलायला येतात, तेव्हा माझ्यापाशी थांबतात आणि झाकण उचलून विचारतात, "काय रे बिनमिशा, करमतंय ना आता?"

मला उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. कधी ताई भेटल्या, तर त्यांना म्हणावे, हो, करमतंय.