समोर कोण होतं

टॉर्वाल्ड कॉलेजने मोसमातला दहावा सामनाही जिंकला, त्या शनिवारी चर्चने भलत्या वेळी घंटा बडवली आणि लोवेल ब्रँडव्होल्ड बायकोच्या उशाशी खुर्चीतल्या खुर्चीत दचकून जागा झाला. जागा झाला म्हणजे काय, नीट झोपलाच कुठे होता! ऑगस्टमध्ये आर्लीनला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्याच्या झोपेचे नुसते तुकडे उरले होते. तिचं उजवं अंग गेलं होतं आणि शब्दही गेले होते, एक सोडून. तो एक म्हणजे 'नाही'. सूप देऊ? नाही. भूक नाही का? नाही. डॉक्टरला नाही, पाद्र्यालाही नाही. खरा अर्थ तिच्या डोळ्यांत शोधायचा, आणि डोळे वाचायचं त्राण लोवेलच्या अंगात राहिलं नव्हतं.

घर तगलं होतं ते शेजाऱ्यांच्या जिवावर. आजारपणाच्या घरी गाव जेवण पोचवतं, तसं पोचवत होतं. काचेच्या भांड्यात खाली खिमा, मध्ये शेंगा, वर कुरकुरीत बटाटे, आणि भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. रिकामं झालं की धुऊन परत करायचं. पण या सगळ्यांत समोरच्या घरातली डॅग्नी टोलफसन वेगळी. ती दर मंगळवारी दुपारी भांडं घेऊन यायची, ते ओव्हनमध्ये सरकवायची आणि म्हणायची, "जा, आडवा हो तिकडे. तोंड बघवत नाही तुझं." मग दोन तास ती आर्लीनपाशी बसे आणि लोवेल मागच्या खोलीत मेल्यासारखा झोपे. आठवड्यातली खरी झोप तेवढीच. उरलेले दिवस तो तिच्याच जोरावर ओढत होता.

आणि डॅग्नीचा मुलगा कर्ट हा टॉर्वाल्डचा कोच होता. घोडं पेंड खात होतं ते इथे.

लोवेलने गावच्या पेपरात चाळीस वर्षं खेळाचं पान चालवलं होतं. निवृत्त झाला तरी एक काम त्याच्याकडे राहिलं होतं. मोसमाच्या शेवटी आसपासच्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल संघांना नऊ जाणते लोक क्रम लावत, त्यांतला तो एक. पहिले सात संघ पुढच्या फेरीत, बाकीच्यांनी घरी बसायचं. कोणी कोणाला कितवा लावला हे नावानिशी छापून येई. रविवारी संध्याकाळपर्यंत क्रम कळवायचा होता.

रविवारी चर्च सुटल्या सुटल्या डॅग्नी दारात. बुटांना बर्फ तसाच.

"आज मंगळवार नाहीये," लोवेल म्हणाला.

"वार कळतात मला. कॉफी आहे का, की तीही शेजाऱ्यांनीच आणायची?"

ती आत गेली, आर्लीनची उशी वर सरकवली. "काय गं, जिंकलो की आपण! घंटा ऐकलीस ना?"

"नाही," आर्लीन म्हणाली.

"ऐकली म्हणते," डॅग्नीने जाहीर केलं, आणि स्वयंपाकघरात येऊन लोवेलसमोर बसली. "हं. कितवे लावतोयस आम्हाला?"

"अजून लावले नाहीत."

"दहा खेळलो, दहा जिंकलो. यात अक्कल कुठे पाजळायची राहिलीय?"

"समोर कोण होतं ते बघावं लागतं, डॅग्नी."

"समोर अकरा जण होते. हेल्मेट घातलेले. मोजले मी."

लोवेलला हसू आलं, आणि हसण्याचाही शीण आला. बाकीचे आठ जण कॉम्प्युटरचे आकडे घेऊन बसत. प्रतिस्पर्ध्यांनी किती जिंकले, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती जिंकले, असं लांबच लांब त्रांगडं. लोवेलचं माप घरगुती होतं. दर कॉलेजाचा वर्षातून एक शनिवार होमकमिंगचा. जुने विद्यार्थी माहेरपणाला यावेत तसे येतात, मिरवणूक निघते, म्हातारे कॉलेजची जुनी गाणी म्हणतात. त्या दिवशी हरून चालत नाही. म्हणून त्या दिवशी खेळायला हटकून असा संघ बोलावतात, जो मार खाऊन गुमान परत जाईल. ज्याला अशी चार-चार घरची आवतणं येतात, तो संघ कसा असेल हे कळायला आकडे लागत नाहीत. टॉर्वाल्डने हरवलेल्या दहांपैकी सात संघ असले कायमचे पाहुणे होते. वासरात लंगडी गाय शहाणी. पण हे आईच्या तोंडावर कसं म्हणायचं? त्याने होमकमिंगची गोष्ट तेवढी सांगितली, गायीची नाही.

"मग कर्टने त्यांना काय सांगायचं होतं? बाबांनो, जरा बरे खेळा?"

"कर्टने त्यांना बोलवायलाच नको होतं."

डॅग्नीने कप खाली ठेवला. "पहिली दोन वर्षं तो दांडग्यांशीच खेळला. सगळे हरला. एके सकाळी बघतो तर अंगणात कोणीतरी 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकून गेलेलं. घर त्याचं, पाटी गावाची, म्हणजे चालता हो. ती मी उपटली, लोवेल. या हातांनी."

"माहितीये."

"पुढच्या फेरीत गेला तर ते पाटीवाले गप्प बसतील. आणि ऑगस्टपासून या घरात कोण..." ती थांबली. वाक्य पुरं केलं नाही, एवढी ती भली बाई. पण अर्ध्या वाक्यानेही पुरेसं लागतं. तिने स्वतःचा कप धुतला आणि गेली.

लोवेल क्रम लावायला बसला. टॉर्वाल्डला सातवं लिहिलं तर कोणाचं काय जाणार होतं? जाणार होतं लिंडवॉल कॉलेजचं. ते दोनदा हरले होते, पण कोणाशी हरले! एकदा तर सगळ्यांत दांडग्या ग्रॅनाइट रिज कॉलेजशी, गारांच्या पावसात, एका गुणाने. लोवेलने तो सामना रेडिओवर ऐकला होता, आर्लीनला भरवता भरवता. शेवटी ती पोरं चिखलात नुसती बसून राहिली, असं निवेदक म्हणाला होता. त्यांना घरी बसवायचं आणि आपल्या झोपेचे दोन तास राखायचे, एवढाच सौदा होता. त्याला झोप हवी होती, अगदी रडू येईल इतकी हवी होती. पण खोटं बोलायलाही ताकद लागते, ते पुढे सांभाळत बसावं लागतं. त्याने टॉर्वाल्डला अकरावं लिहिलं आणि पाठवून दिलं.

टॉर्वाल्ड आठवं आलं. बाकीच्या आठांपैकी कोणीच त्यांना सातव्याच्या खाली लावलं नव्हतं. कोणाच्या आकड्याने घात केला, हे रात्र पडायच्या आत गावाला कळलं.

सोमवारी लोक भांडी न्यायला आले.

"ते हिरव्या झाकणाचं आमचं," हार्डवेअरच्या दुकानातला मार्विन दारातूनच म्हणाला.

"त्यात थोडं आहे अजून."

"असू दे. काढून घे तू. मी थांबतो."

आणि तो खरंच पायरीवर थांबला, हातमोजे एकमेकांवर आपटत, लोवेल आत चमच्याने भांडं खरवडत असताना. कोणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. "आर्लीन कशी आहे?" हेही प्रत्येकाने विचारलं. या मुलखात भांडण असंच करतात. संध्याकाळपर्यंत ओट्यावर एकच भांडं उरलं, डॅग्नीचं निळं.

मंगळवारी त्याने ते घासूनपुसून दाराशी ठेवलं. तीन रात्री आर्लीनला खोकला होता आणि त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती येणार नाही, असं त्याने स्वतःला सकाळपासून बजावलं होतं.

ती आली. रिकामी पिशवी घेऊन. भांडं उचललं, उलटं करून बुडावरचं नाव बघितलं, पिशवीत घातलं. पण वळली नाही. बूट काढले आणि कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"कर्टने आज ग्रॅनाइट रिजला फोन केला," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पुढच्या वर्षी आमच्याशी खेळा म्हणाला. म्हणजे कोणी विचारायला नको, समोर कोण होतं."

"मग?"

"चटकन हो म्हणाले. त्याचं बोलणंही पुरं होऊ दिलं नाही. पोरगं हरखलं. मी पॅनकेकचं पीठ कालवायला घेतलं. मग त्यांनी तारीख सांगितली. ऑक्टोबरातली."

ऑक्टोबरातला कोणता शनिवार ते लोवेलला विचारावं लागलं नाही. "त्यांचं होमकमिंग?"

"तोंड बंद ठेव."

आपण बरोबर ठरलो याचा त्याला कणभरही आनंद झाला नाही. वाटलं ते वाईटच, कर्टसाठी आणि या खुर्चीतल्या म्हातारीसाठी.

"तो हसला," डॅग्नी म्हणाली. "फोन ठेवून हसतच सुटला. मला नाही हसता आलं." तिने हातमोज्याने नाक पुसलं. "मी तुझ्याशी बोलत नाहीये, लोवेल. या जन्मात तरी नाही. जा, झोप."

"डॅग्नी, मी..."

"आर्लीनसाठी आलेय. तिने नव्हतं अकरावं लिहिलं. जा म्हटलं ना!"

तो मागच्या खोलीत जाऊन बुटांसकट आडवा झाला. दार लोटलेलं होतं. पलीकडे खुर्ची पलंगाजवळ सरकल्याचा आवाज आला, मग डॅग्नीचा, मुद्दाम चढवलेला.

"तुझा नवरा गाढव आहे, आर्लीन."

"नाही," आर्लीन म्हणाली.

तिच्यापाशी तेवढाच शब्द होता हे लोवेलला ठाऊक होतं. सूप विचारलं असतं तरी तिने तेच म्हटलं असतं. टॉर्वाल्डचे दहा विजय ज्याने जमेस धरले नाहीत, त्या माणसाने ते एवढंसं 'नाही' मात्र काही न तपासता जमेस धरलं, आणि कुशीवर वळून झोपला.