कुलूपबंद गॅरेज

आपल्या मालमत्तेचं रक्षण करणं हे सुजाण माणसाचं पहिलं कर्तव्य आहे. हे वाक्य विमा कंपनीच्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावर चौघांचं एक कुटुंब गाडीला टेकून हसतंय आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की चित्र केवळ नमुन्यादाखल.

डॉक्टरांची गाडी चौघांची नव्हतीच. लाल स्पोर्ट्स कार, दोनच सीट, आणि इतकी बुटकी की बायको म्हणाली, यात बसायचं नसतं, पडायचं असतं. डॉक्टर दातांचे. सत्तावीस वर्षं लोकांच्या उघड्या तोंडात वाकून बघितल्यावर माणसाला स्वतःसाठी काहीतरी हवंसं वाटणं साहजिक आहे. एकावन्नाव्या वर्षी त्यांना वेग हवासा वाटला.

गाडी आली आणि डॉक्टरांची झोप गेली. तोवर चोर ही जमात त्यांच्या लेखी वर्तमानपत्रात राहत होती, आता ती गल्लीत राहायला आली. त्यांनी स्टिअरिंगला दांड्याचं कुलूप लावलं, चाकाला पिवळं कुलूप लावलं आणि सीटखाली एक यंत्र बसवलं. गाडी दवाखान्याबाहेर उभी आहे असं ते यंत्र दर दहा मिनिटांनी फोनवर कळवायचं. पेशंटच्या दाढेत ड्रिल तसंच ठेवून डॉक्टर फोन बघायचे आणि निर्धास्त व्हायचे. पेशंट होत नसे.

मग विम्याचा फॉर्म आला. बायकोचा मावसभाऊ विम्याचा एजंट. मी भरतो, तुम्ही फक्त सही करा, असं तो सांगत होता. पण डॉक्टर शाळेपासून पहिल्या नंबरचे. त्यांनी फॉर्म स्वतः भरला, आधी पेन्सिलनं, मग पेनानं. बाराव्या प्रश्नात विचारलं होतं, वाहन रात्री कुठे उभं असतं: रस्त्यावर, आवारात की कुलूपबंद गॅरेजमध्ये? तिन्हींत चांगलं उत्तर कोणतं हे उघड होतं, आणि चांगलं उत्तर समोर दिसत असताना त्याच्या खालचं लिहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी गॅरेजवर खूण केली.

पॉलिसी घरी आली तेव्हा त्यांनी तिची अठराही पानं वाचली. एजंटाच्या माहितीत असं पूर्वी कोणी केलेलं नव्हतं. सतराव्या पानावर होतं की खोटी माहिती दिल्यास भरपाई नाकारली जाऊ शकते. आणि गाडी तर रस्त्यावर उभी होती.

"भावोजी, एका ओळीचं पत्र द्या, मी बदलून घेतो," एजंट म्हणाला.

"म्हणजे मी आधी चुकीचं लिहिलं, असं लिहून देऊ?"

"चुकीचं कसलं, खूण तर आहे ती."

"नको. लिहिलंय ते खरं करता येईल."

घराला गॅरेज होतं. त्यात दादा होता.

दादा म्हणजे डॉक्टरांचा थोरला भाऊ. तेहतीस वर्षं तो त्या गॅरेजमध्ये शिलाई मशिनं दुरुस्त करत होता. घरी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बायकांची ती जुनी पायमशिनं. एवढं लोखंड हातगाडीवरून दारापर्यंत येतं, पण दोन पायऱ्या चढत नाही. दादा मशीन उघडायचा, तेल घालायचा, चाक फिरवून कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, उद्या न्या. ते दुसऱ्या दिवशी खरंच मिळायचं. डॉक्टरांच्या कॉलेजची पाच वर्षं याच गॅरेजमधून निघाली होती. हा विषय घरात निघत नसे. दादाला बोलून दाखवायची सवय नव्हती आणि डॉक्टरांना आठवायची. वरचा मजला चढवताना घराचे कागद डॉक्टरांच्या नावावर झाले, तेव्हाही सही कुठे करायची एवढंच दादानं विचारलं होतं.

डॉक्टरांनी जेवताना विषय काढला. सतरावं पान समजावून सांगितलं, वरच्या गॅलरीत उजेड किती छान येतो तेही सांगितलं. बायकोनं विचारलं की मशिनं जिन्यावरून कोण चढवणार, तुमचं सीटखालचं यंत्र? डॉक्टर म्हणाले, हल्ली हलकी मशिनं आलीत.

"हलकी बिघडली की टाकून देतात," दादा म्हणाला. "माझ्याकडे नाही येत." मग पाणी पिऊन म्हणाला, "कधीपर्यंत हवंय?"

"सोमवार."

"मंगळवार कर. एका बाईचं मशीन उघडून ठेवलंय."

मंगळवारी गॅरेज रिकामं झालं आणि गाडी आत गेली. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा उरली, म्हणजे माप चोख निघालं. डॉक्टरांनी दार उघडलं, ते वीतभर उघडलं. डॉक्टर वीतभर नव्हते. त्यांनी गाडी मोजली होती, गाडीतून उतरणारा माणूस मोजला नव्हता.

तेव्हापासून गाडी दारासमोर सरळ लावायची, उतरायचं आणि मागून ढकलून आत घालायची, अशी पद्धत पडली. बाहेर काढताना मागच्या हुकाला दोर बांधून ओढायची. दोन माणसं लागत. एक डॉक्टर. दुसरा माणूस आता रिकामाच होता.

महिन्याभरात गाडी रविवारपुरती उरली आणि डॉक्टरांची पाठ धरल्यावर रविवारचीही नाही. ते पुन्हा स्कूटरवरून दवाखान्यात जाऊ लागले. गाडी घरी आहे, असं यंत्र दर दहा मिनिटांनी कळवत राहिलं.

गॅलरीत दादानं टेबल मांडलं. सुरुवातीला खालून हाका यायच्या. दादा पेटी घेऊन उतरायचा आणि भर रस्त्यात, उन्हात मशीन उघडायचा. पुढे हातगाड्या दोन गल्ल्यांपलीकडच्या दुकानात वळल्या. तिथे दुरुस्ती होत नाही, जुनं घेऊन नवं हलकं देतात. एक दिवस दादानं पाने, पकडी, सुट्या भागांचे डबे सगळं वजनावर विकून टाकलं. बायकोनं विचारलं, भाऊजी, हे काय केलंत? तो म्हणाला, गंज चढण्यापेक्षा बरं. आता तो कापडाच्या दुकानात गठ्ठे मोजतो.

वर्ष भरलं तेव्हा कंपनीचा तपासनीस आला. डॉक्टरांनी त्याला गॅरेज दाखवलं, कुलूप दाखवलं, बाराव्या प्रश्नावरची खूण दाखवली.

"हे आमच्या माहितीसाठी असतं," तो म्हणाला. "यानं हप्त्यात फरक पडत नाही, भरपाईतही नाही. पुष्कळ जण कोरंच सोडतात."

"आणि सतरावं पान? खोटी माहिती?"

"ते गाडी तुमची नसेल तर."

मग त्यानं गाडीची या वर्षीची किंमत सांगितली. ती पाचव्या हिश्शानं उतरली होती. डॉक्टर म्हणाले, अहो, पण ती चाललीच नाही.

"उभी असली तरी उतरते, साहेब."

त्याच दिवशी जेवताना डॉक्टरांनी दादाला सांगितलं की गॅरेज मोकळं करून देतो, तू परत खाली बस. दादानं भात संपवला.

"काय घेऊन बसू?" तो म्हणाला.

डॉक्टरांनी फोन बघितला. गाडी घरीच होती.

पुढच्या महिन्यात गाडी विकली. गॅरेज रिकामं आहे आणि कुलूपबंद आहे. गाडी एका फळांच्या व्यापाऱ्यानं घेतली. तो मागच्याच गल्लीत राहतो आणि त्याच्या घराला गॅरेज नाही. तो गाडी रस्त्यावर लावतो. अजून तिथेच आहे.