अकोल्याच्या पोरीला बर्फ

चहा करून करून आता वीट आलाय मला. शिकाऊ विमानासकट माझी लेक जुईली तुरीच्या वावरात पडली, तेव्हापासून आमच्या अकोल्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागून राहिली आहे. पोरीचा पाय प्लास्टरमध्ये, आणि जो तो तिलाच विचारतो, इंजिनात बर्फ? वऱ्हाडात? शेजारच्या लीलाबाई तर म्हणाल्या, "काहून वं, विमानात फ्रिज होता का?"

मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी समजावून थकले. झडीच्या दिवसांतली ओली हवा इंजिनात शिरताना इतकी गार होते की आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. त्यासाठी गरम हवेचा एक खटका असतो, तो ओढायचा. कोणी ऐकेल तर शपथ. आमचे हे, बापूसाहेब, पडले वकील. ते प्रत्येकाला ठासून सांगतात की विमानच खटारा होतं.

काल दुपारी अशीच बैठक भरलेली असताना जुईलीला ललित सरांचा फोन आला. सर परतवाड्याचे, तिला विमान उडवायला शिकवतात. त्या दिवशी तिच्या शेजारीच होते, अजून अमरावतीच्या दवाखान्यात कंबर मोडून पडलेत. त्यांनी अपघाताच्या चौकशीत सांगितलं होतं, खटका ओढायला सांगायचं मीच विसरलो. म्हणजे जुईली सुटली. सरांचं शिकवणं मात्र संपलं.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पण पोरगी फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली.

"आई, सर बोलले होते," ती म्हणाली. "उतरताना बोलले, खटका ओढ. मी म्हटलं, सर, अकोल्याच्या पोरीला काय बर्फ सांगता? ते पण हसले. मग इंजिन बंद पडलं."

यांनी बैठकीतून ऐकलं. आत येऊन दार लावलं आणि दबक्या आवाजात सांगू लागले, गप्प राहा, तोंड उघडलंस तर पुन्हा विमानाला हात लावू देणार नाहीत. शाळेपासून हिला उडण्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही, हे मला का माहीत नाही? मीही गप्पच राहा म्हणणार होते. इतकी थकले होते मी. पण तिनं कुबड्या ओढल्या आणि उठायला लागली.

मग मीच यांना म्हटलं, "गाडी काढा. अमरावतीला जायचं आहे, आधी सरांकडे, मग चौकशीवाल्यांकडे."

मूर्तिजापूर मागे पडल्यावर तिनं विचारलं, "मले परत उडू देतील ना, आई?" पडल्यापासून पहिल्यांदाच रडत होती ती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "आधी सरांना तरी भेटू."