गिरणीबाहेरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. वडीगोद्रीत एका पिठाच्या गिरणीबाहेर टांगलेला. माझ्या अंगावर खडूपेक्षा पीठच जास्त बसते, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझा जन्म १९८१ सालचा. सुरुवातीला मी एका शाळेत होतो. कोपरा फुटला तशी माझी अडगळीत रवानगी झाली. तिथून गिरणीवाल्या सत्यशीलाबाईंनी मला मागून आणले. त्यांच्या मुलीच्या शाळेत गणिताला मास्तरच नव्हते आणि पोर दहावीला नापास झाली. हे आधी कुणी सांगितले असते तर! म्हणून बाई दरवर्षी एसटीने फिरून आसपासच्या सरकारी शाळा स्वतः बघत आणि माझ्यावर लिहीत. कुठे गणिताला मास्तर आहेत, कुठे मुलींच्या संडासाला कुलूप आहे, कुठून संध्याकाळी परतीची गाडी मिळते. दळण होईपर्यंत आयाबाया ते वाचून घेत. तेव्हाचा माझा रुबाब काही विचारू नका!

पण पुसून पुसून मी पांढुरका पडलो. अक्षर दिसेना. तेव्हा एका खाजगी शाळेचे अण्णासाहेब गिरणीवर आले.

"बाई, नवा फळा देतो. वर फक्त आमच्या शाळेचं नाव टाका, आन् आमच्याबद्दल जरा चांगलं लिव्हा."

दळणाचा डबा घेऊन आलेले रामकिसन सगळे ऐकत होते. त्यांची कौसल्या सातवी झाली होती. तिला पुढे शिकवायचे की लग्न उरकायचे, यावरून घरात रोज वाद चालला होता.

"बाई, पोरीला कुठं घालावं ते तुमचा फळा सांगंल म्हणून मी थांबलो," ते म्हणाले. "ह्यांचा फळा घेतला तर मंग मी भरोसा कुणावर ठिवू?"

बाईंनी अण्णासाहेबांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी रामकिसन बॅटरीचे संपलेले सेल घेऊन आले. त्यातली काळी भुकटी माक्याच्या पाल्याच्या रसात कालवून त्यांनी माझ्या अंगाला चोळली. मी पुन्हा काळाभोर! मग दळणाबरोबर सगळेच जुने सेल आणू लागले. उकिरड्यावर टाकायची वस्तू त्यांनी माझ्यासाठी जपली, हे उपकार मी कसे विसरू? कौसल्याही माझ्यावर वाचून निवडलेल्या शाळेत आठवीला गेली.

पुढे ती एका सरकारी शाळेत शिक्षिका झाली. बाई तीही शाळा बघून आल्या आणि त्यांनी माझ्यावर लिहिले, 'इथे सातवीला विज्ञान कुणीच शिकवत नाही.'

रविवारी कौसल्या गिरणीवर आली. ते वाचून तिचा चेहरा उतरला.

"मावशे, आमच्या शाळेचं असं लिव्हलं?"

"खोटंय का?"

"न्हाई. खरंय."

तिने ओले फडके घेतले आणि ते वाक्य पुसून टाकले. माझा जीवच गेला. मग तिने पिशवीतून जुने सेल काढले.

"अक्षर फिकं दिसून राह्यलं, मावशे. लांबून वाचता येत न्हाई."

मला काळे करून, वाळवून, तेच वाक्य तिने आपल्या हाताने मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिले.

मित्रांनो, तुमच्या गावात खरे सांगणारा असा एखादा फळा असेल तर त्याला सांभाळा. नवे काही देऊ नका. घरातले संपलेले दोन सेल पुरेत.