पाववाल्याच्या डोक्यातून

मी टाऊ बोलतोय. नाव ऐकलं नसेल, साहजिक आहे. मी एक प्रथिन. तुमच्याही मेंदूत माझे भाऊबंद आहेतच. माझा मुक्काम एका म्हाताऱ्या पाववाल्याच्या डोक्यात.

काय दिवस होते ते! मेंदूच्या पेशीत बारीक नळ्यांचे रूळ असतात, त्यांवरून तिची रसद ये-जा करते. ते रूळ घट्ट धरून ठेवायचे, हे आमचं काम. आमच्या भरवशावर मालक भट्टीतून पाव काढायचे, उलटा करून बुडावर टकटक करायचे आणि कान लावायचे. पोकळ आवाज आला की म्हणायचे, "झाला." मग शेजारी उभ्या लेकीच्या कपाळावर तशीच टकटक. "ठमाबाई अजून कच्च्या आहेत. घाला परत भट्टीत." ती खिदळत पळायची.

पुढे माझ्या अंगाला नको ते चिकटत गेलं, हातातला रूळ सुटला आणि मी वाकडा झालो. का, ते डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पेशींच्या बाहेर दुसऱ्याच एका प्रथिनाची पुटं आधीपासून साचत होती, तेही असेल. आता माझं असं, की सरळ भावाला नुसतं टेकलो तरी तोही वाकडा. आमचा गुंता झाला, पेशी मेली. तिचं जिच्याशी रोजचं बोलणं, त्या पेशीत आमच्यातले काही शिरले. तिथंही तेच.

आमची सुरुवात नव्या आठवणींच्या दाराशी झाली. म्हणून आधी मालकांची आजची सकाळ जायला लागली. पिठात मीठ दोनदा पडलं. गिऱ्हाइकांनी पाव परत आणले, तर मालक म्हणाले, "लोकांच्या जिभाच बिघडल्यात." लेकीनं हसून भट्टी आपल्या हातात घेतली. मग घरचा रस्ता गेला, शब्द गेले, आणि गेल्या हिवाळ्यात लेकीची ओळखही गेली.

ती रोज विचारायची, "बाबा, मी कोण?"

"आपण पाव घ्यायला आलात का?" मालक अगदी अदबीनं विचारायचे. ती वळून पुसलेलाच ट्रे पुन्हा पुसायची. एकदा तरी त्यांनी आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

आज तिनं काही विचारलं नाही. गरम पाव त्यांच्या हातात दिला. मालकांनी तो उलटा केला, टकटक केली, कान लावला. "झाला." मग मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि तिच्या कपाळावर टकटक केली.

"ही अजून कच्ची आहे."

तिला हसू आलं आणि रडूही. "मग घाला परत भट्टीत, बाबा."

हातांच्या सवयी मेंदूत वेगळ्या वस्तीला असतात. तिकडे आम्ही उशिरा पोचतो, पण पोचतो. मला आता सरळ होता येत नाही, पोरी. येतं तर रूळ पुन्हा धरला असता. तू पाव आणत राहा. उद्याही कपाळ पुढे कर.