एका बोटाचा नमस्कार

कॅनडातला तो हायवे इतका आखूड होता, की गाडीने जरा वेग घेतला की संपलाच. एका टोकाला कुणालचं गाव, दुसऱ्या टोकाला पोस्ट ऑफिसचं, मध्ये तुरळक घरं आणि नुसता गहू. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा. उन्हाळाभर मुलाकडे राहून दत्तोपंत आणि कमलिनीबाई कतारमध्ये दोहाला लेकीकडे, अनुजाकडे परतले, तेव्हा दत्तोपंतांनी ही खोड बरोबर आणली. शुक्रवारी भाजीला जाताना अनुजाच्या शेजारी बसून ते दिसेल त्याला बोट उचलायचे.

"बाबा, कोणी तक्रार करेल!"

"करू दे. तेवढीच ओळख."

दत्तोपंत फेब्रुवारीत गेले. वर्ल्ड कपसाठी रस्ते उकरलेलेच होते. अनुजाचं इथलं काम संपत आलं होतं आणि पुढची नोकरी साइटच्या कॅम्पवर होती. तिथे आईला नेता येत नव्हतं. कुणाल रोज बोलवत होता, कमलिनीबाई रोज नाही म्हणत होत्या. कधी थंडी आड यायची, कधी तिथे न मिळणारी कोथिंबीर.

त्या शुक्रवारी गाडी डायव्हर्जनमध्ये अडकली.

"आई, खरं कारण सांग."

"त्या रस्त्यावर सगळे यांना ओळखतात. जो तो विचारणार, कुठे आहेत? मी किती जणांना सांगू? इथे बरं आहे. कोणी विचारत नाही."

तेवढ्यात समोरून कामगारांची बस रांगत शेजारी आली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"मॅडम, अंकल किधर हैं? बहुत दिन से उँगली नहीं दिखाई!"

अनुजाने तोंड उघडलं, पण आईच पुढे वाकली.

"वो गए, भैया. फेब्रुवारी में."

ड्रायव्हरने छातीवर हात ठेवला. मग त्याने तो स्टिअरिंगवर नेला आणि एक बोट उचललं. मागून हॉर्न आणि "यल्ला, यल्ला!" अशी 'चला, चला'ची अरबी घाई सुरू झाली. कमलिनीबाईंनी सावकाश, मोजून, बोट उचललं. बस पुढे गेली.

गाडी डायव्हर्जनमधून बाहेर पडली, तेव्हा कमलिनीबाईंनी विचारलं.

"त्या रस्त्यावर घरं किती असतील गं?"

"असतील तीसेक. कुणालला विचारते."

"विचार. तिकिटाचंही विचार." कमलिनीबाईंनी पदराने चष्मा पुसला. "आणि पुढे दुकानापाशी थांब. धणे घ्यायचेत, पेरायला."